बायकोचा प्रबंध आणि दोन फ्लॉप्या

३ तारीख, सोमवार
बायकोचा प्रबंध झाला. एकशे बारा पानं, आमच्या कॉम्प्युटरवर. त्याच्या पोटात काही साठत नाही, सगळं फ्लॉपीवरच. शुक्रवारी विद्यापीठात द्यायचा. प्रिंटर मेहुण्याकडे आहे. त्याचा कॉम्प्युटर वेगळ्या कंपनीचा, पण फ्लॉपी त्याच मापाची, त्यामुळे चिंता नाही. छपाईची जबाबदारी मी घेतली. बायको म्हणाली, आधी दादाला विचारा. मी कुणाला विचारत नसतो. तिने एक जादा कॉपी काढून ठेवली.

४ तारीख, सकाळी १०
मेहुण्याकडे. तो दाढी करत होता, म्हणून मीच फ्लॉपी घातली. कॉम्प्युटरने विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही, नव्याने तयार करून घेऊ का? इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कशाला म्हणा. हो दाबलं. मेहुणा तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आला, पण फ्लॉपी उघडली होती. आत काही नव्हतं. तो म्हणाला, भावजी, तुम्ही ती पुसलीत. स्वभावच नकारात्मक.

सायंकाळी ५
घरच्या कॉम्प्युटरने तोच प्रश्न विचारला. परक्याला हो आणि घरच्याला नाही, हे बरं दिसत नाही. हो दाबलं.

५ तारीख
पहिली फ्लॉपीच सदोष होती. जादा कॉपी बायकोने शब्दकोशामागे लपवली होती. सापडली. मेहुणा ऑफिसला गेल्यावर त्याच्याकडे गेलो. या वेळी कॉम्प्युटर म्हणाला, फ्लॉपीला कुलूप आहे. कोपऱ्यातली खिटी बायकोच्या हातून चुकून सरकली असणार. ती परत सरकवली आणि हो दाबलं.
हीपण रिकामी.

६ तारीख
बायकोला सांगावं लागलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली, तासभर बाहेर आली नाही. तिची तीन वर्षं गेली, माझ्यामुळे. जेवण गेलं नाही. निश्चय: उद्या पहाटे उठून सगळा प्रबंध आठवून टाइप करायचा. विषय मुंग्या. किंवा वाळवी.

७ तारीख, सकाळी ९
पाऊण पान झालं. मुंग्याच घेतल्या.

दुपारी ३
प्रबंध विद्यापीठात पोचला. बायकोच्या मैत्रिणीकडे आमच्यासारखाच कॉम्प्युटर आहे, शिवाय प्रिंटर. तिसरी फ्लॉपी सोमवारीच तिकडे गेली होती. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुम्ही तिथेही मदतीला आला असता. आणि काल तासभर आत काय करत होतीस? म्हणाली, हसू आवरत होते.
फार हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. घरी ठेवलेली प्रत पहिल्यांदाच उघडून पाहिली.
विषय गांडुळं आहे.