ओढ्यात सोडलेली पिल्लं

१२ मे

माशांचं बीज सोडून झालं! सगळं गाव ओढ्यावर – म्हणजे आम्ही मूठभर, त्यातले निम्मे काठी टेकत. कुदोसाननी प्रत्येकाच्या हातात बादली दिली. मासू माशाची बोटुकली, हिवाळाभर उबवणीत त्यांनी एकट्यानं वाढवलेली. बादली पाण्याला टेकवून हळूच तिरकी करायची. कुणी उंचावरून ओतली की ओरडतात, "अरे, पोरी सासरी पाठवतोय आपण, खरकटं नाही फेकत!"

पुलाखालच्या डोहात म्हातारा इतो होता – ज्याच्या अभ्यासासाठी मी या गावात आले तो मासा. उभा केला तर माझ्या कमरेला लागेल एवढा. जबडा उघडून नुसता थांबलेला, आणि बोटुकली आपणहून आत! कुदोसान खूश. "बघा सेन्सेई, तुमचा लाडका कसा फुगलाय. कुणामुळे?"

"तुमच्यामुळे," म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन एकटीपुरते बटाटे उकडले.

२९ मे

पाऊस. कुणाशी बोलले नाही.

१६ जुलै

दिवसभर डोळ्यांना काचेचा मुखवटा लावून ओढ्यात पालथी. याच दिवसांत इतोची पिल्लं खड्यांतून वर येतात. नखाएवढी, काठाच्या उथळ पाण्यात थरथरत उभी राहतात. पाच उन्हाळे मी ती शोधते आहे. नाहीत! काठ सगळा मासूच्या बोटुकल्यांनी बळकावलेला. मेपासून खाऊन खाऊन ती बोटापेक्षा लांब झालीत.

दुपारी एक दिसलं. एकच. दगडाआड. मी श्वास रोखून बघत होते. एक मासू आला, त्यानं हुसकलं. ते दुसरीकडे गेलं. तिथेही हुसकलं. मग तिसऱ्यानं तोंडात धरलं. शेपटी थोडा वेळ बाहेर दिसत होती.

मुखवट्यात पाणी आलं असं वाटलं. पाणी नव्हतं ते.

१९ जुलै

डोंगरापलीकडच्या ओढ्यावर गेले. रस्ता वाहून गेल्यापासून तिथं कुणी बीज सोडत नाही. कमरेला घंटा बांधून, अस्वलाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बडबडत चालले. बरं वाटलं, आपलाच आवाज का होईना.

काठाकाठानं इतोची पिल्लं! एवढी की पाय कुठं ठेवू कळेना. तिथले मोठे मासे मात्र हडकुळे.

म्हणजे हे असं आहे. आमच्याकडे म्हातारे गलेलठ्ठ आणि मागे कुणी नाही. इतो खूप वर्षं जगतो, म्हणून कुणाला कळलं नाही.

कुदोसानना कसं सांगू?

३ ऑगस्ट

सांगितलं.

ते नेहमीसारखे भोपळा घेऊन आले होते. पायरीवर बसले. मी सगळं बोलून गेले, एका दमात. नीट बोलायला हवं होतं. ते भोपळ्यावरची माती अंगठ्यानं काढत राहिले.

"हात्सुए आणि मी लग्न झाल्यापासून हेच केलं," म्हणाले. "बर्फात ती पाठीवरून खाद्य आणायची. अंडं एक पांढरं पडून मेलं तरी तिला जेवण जायचं नाही. आणि तुम्ही म्हणता, आम्ही ओढ्याची पोरं मारली?"

"असं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता?"

म्हटलं, माझ्याबरोबर पाण्यात या, मुखवटा देते, स्वतः बघा. ते उठले. "तुमच्या जन्माआधीपासून हा ओढा बघतोय मी. वरूनच बघतोय. दिसतं मला."

भोपळा पायरीवरच राहिला. नेला नाही, दिलाही नाही.

१५ ऑगस्ट

ओबोन, पितरांचा सण. गावातले सगळे आपापल्या कबरींवर. माझं इथं कुणी पुरलेलं नाही.

भोपळा शिजवला. निम्मा टाकला.

२७ ऑगस्ट

पुलावरून जाताना खाली कुदोसान दिसले. काठावर पालथे, टोपी बाजूला, तोंड पाण्यात! क्षणभर वाटलं, मेलेच. पळणार तेवढ्यात मान वर काढली, श्वास घेतला, परत घातली. मुखवटा नाही, काही नाही. उघड्या डोळ्यांनी त्यांना धूसर सावल्यांपलीकडे काय दिसलं असेल?

मी हाक मारली नाही. पावलं न वाजवता परत फिरले.

८ सप्टेंबर

गावसभा. मी बोलले. या खेपेला नीट बोलले. म्हटलं, काही वर्षं तरी बीज थांबवू या, काठ मोकळे होऊ देत. कुणी अडवलं नाही, कुणी मान हलवली नाही.

शेवटी नागानुमाबाई उठल्या. गावातलं एकुलतं एक दुकान त्यांचं. "सेन्सेई, शाळा गेली. बस गेली. वर्षातून एकदा आम्ही सगळे घराबाहेर पडतो ते त्या बादल्यांसाठी. तेवढंही काढून घेता?"

मी खाली बसले.

मागून कुणीतरी, पुरेसं मोठ्यानं, "बाहेरचीला काय, आज आहे, उद्या नाही."

बीज सोडायचंच ठरलं. नागानुमाबाईंनी विचारलं, "कुदोसान, तुम्ही?"

"गाव म्हणेल तसं."

माझ्याकडे बघितलंही नाही.

४ ऑक्टोबर

मासूच्या माद्या ओढ्यात वर आल्या. उबवणीच्या जाळीपाशी अंडी काढायची धांदल असणार. दरवर्षी मी जायचे, टोपलं धरायला. यंदा बोलावणं नाही. घरात बसून लोणच्याच्या मुळ्याला मीठ चोळलं. हात झोंबले.

२१ डिसेंबर

दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं. नागानुमाबाई सुटे पैसे ताटलीत ठेवतात, हातात देत नाहीत. पूर्वीही ताटलीतच ठेवायच्या बहुतेक. आता जाणवतं.

कुदोसान रस्त्यात दिसले. वाकून नमस्कार केला, मीही केला.

"गारठा आहे," ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

गेले.

९ फेब्रुवारी

जूनपासूनची बदली मागून घेतली. फोनवर साहेब म्हणाले, "एवढे दिवस टिकलात हेच खूप." फोन ठेवल्यावर घर इतकं शांत! छपरावरचा बर्फ घसरला तेव्हा दचकले.

२६ एप्रिल

इतोची जोडी वरच्या वळणावर. नर लालभडक. मादी शेपटीनं खडे उकरत होती. पाणी तिच्या पाठीवरून वाहत होतं. संध्याकाळपर्यंत बघत बसले. शेजारी कुणीतरी हवं होतं. "बघा," एवढंच म्हणायला.

११ मे

उद्या बीज. राहवेना, काही न ठरवता उबवणीत गेले. पाणी चालू, जाळ्या स्वच्छ, आणि एकाही टाकीत मासा नाही! कुदोसान बाह्या वर करून रिकामी टाकी घासत होते.

"माद्या धरल्या होत्या," म्हणाले. "हातात घेतल्या, पोटं टच्च भरलेली. सोडून दिल्या."

"आणि गाव?"

"गावाला वाटतंय, आहेत. हिवाळाभर रोज येऊन बसतोय इथं."

"मला तरी सांगायचं होतंत."

ते घासत राहिले. मग ब्रश खाली ठेवला.

"उद्या सगळे बादल्यांसाठी येतील. माझ्या शेजारी उभ्या राहाल?"