दुसरं वाक्य

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. शांभवीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन करतेस, पण छपाईच्या मशिनांनी माझे कान खाल्ले आहेत. फोनवरचं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनाचं लावून घेतो. म्हणून हे पत्र. उत्तरही कागदावरच पाठव.

तुझा लेख इथल्या पेपरात मराठीत आला, तो मी दोनदा वाचला. भारत-पाकिस्तानच्या अणुबॉम्बवर आमच्या घरातली पोरगी लिहिते आणि दिल्लीतले लोक ते वाचतात, याचा इतका आनंद झाला की तुझा दहा बाय पंधराचा फ्लेक्स छापून दुकानावर लावला. फोटो जुना आहे, दोन वेण्यांतला. मामी म्हणाली की पोरीला विचारायचं तरी. फ्लेक्सवाला कुणाला विचारत नसतो.

लेखातलं मला कळलं ते असं. मंगळवार पेठेतल्या वरच्या आणि खालच्या तालमीचं वैर तुला ठाऊक आहे. एकाने वीस फुटी फ्लेक्स लावला की दुसरा पंचवीस फुटी मागतो. एकाच्या फ्लेक्सवर नाद करायचा न्हाय, तर दुसऱ्याच्या फ्लेक्सवर नाद केला तर सोडणार न्हाय. दोन्ही छापणारा मीच. दोघांकडे माणसं तेवढीच, काठ्या तेवढ्याच, म्हणून अकरा वर्षांत मोठी मारामारी नाही. परवा फुटबॉलच्या मॅचनंतर ढकलाढकली झाली, त्यात शालूबाईचा भडंगाचा गाडा उलटला, एवढंच. तर तुमचं शास्त्र म्हणजे हेच ना? की म्हातारा काहीतरी बरळतोय?

आता पत्राचं कारण. आपल्या मल्लेशची फौजेतली सतरा वर्षं मार्चअखेर भरतात. पेन्शन घेऊन घरी यायचं, की दोन वर्षांची मुदतवाढ घ्यायची, हे त्याला लवकरच लिहून द्यायचं आहे. सूनबाई वर्षाराणी म्हणते की आता पुरे, घरी या. दुकानातलं डिझाइनचं काम ती एकटी ओढते, आणि नऊ वर्षांची पूर्णिमा बापाला सुट्टीपुरतीच ओळखते. मल्लेशचं मन पुढच्या बढतीत अडकलंय. चौकी अगदी सीमेवर आहे. तो म्हणाला की शांभवीताईला विचारा, ती म्हणेल तसं करतो. तू यातली जाणती. युद्ध होईल का, एवढंच सांग.

मामी चटणी पाठवते आहे. दिल्लीच्या भाज्यांना तिचाच आधार.

कळावे. लोभ आहेच, तो चटणीसारखा मुरत जावो.
तुझा मामा,
विरूपाक्ष

नवी दिल्ली
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आणि चटणी एकाच दिवशी पोचली. चटणी आधी उघडली, राग मानू नका.

तुमच्या दोन तालमी मी वर्गात सांगितल्या. जे समजवायला मला तीन तास लागतात, ते मुलांना पाच मिनिटांत समजलं. आमच्यात याला प्रतिरोधन असं जडजंबाल नाव आहे, साधा शब्द जरब. आपण आधी अणुबॉम्ब टाकणार नाही, पण कुणी टाकला तर जबर उत्तर देऊ, हे आपलं जाहीर धोरण आहे. पाकिस्तानने असं वचन दिलेलं नाही. त्यांची फौज आपल्यापेक्षा लहान, म्हणून कुठली रेषा ओलांडली तर बॉम्ब बाहेर काढू, हे ते मुद्दाम धूसर ठेवतात. त्या रेषेपाशी जायला दोघेही घाबरतात. त्यामुळे खरंखुरं युद्ध कुणालाच परवडत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. युद्ध होणार नाही. मल्लेशला निर्धास्तपणे मुदतवाढ घेऊ द्या. वर्षाराणीला सांगा, हे मी पंधरा वर्षांच्या अभ्यासावरून सांगते आहे, उगाच धीर द्यायचा म्हणून नाही. लहानपणी त्याचे पाढे मीच घोकून घेतले होते. एकोणतीसच्या पाढ्याला तो रडायचा, पण सोडायचा नाही. बढती घेऊनच येऊ दे त्याला.

तो वेण्यांतला फोटो मात्र कृपा करून उतरवा. माझे विद्यार्थी कोल्हापूरचेही आहेत.

कळावे. मामींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ फ्लेक्सएवढा मोठा नको, आहे तेवढाच टिकू द्या.
तुमची,
शांभवी

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

चि. शांभवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांना दाखवलं. वर्षाराणीने ते तीनदा वाचलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली की घरचं माणूस एवढं खात्रीनं सांगतंय तर माझी ना न्हाय. मल्लेशने सही करून दिली. त्याने पत्राची झेरॉक्स मागवली होती, ती वर्षाराणीनेच पाठवली.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फौजेतल्या मुलाचा बाप म्हणून पेठेत जो मान मिळतो तो आणखी दोन वर्षं मिळेल, याचंही बरं वाटलं. तुझा फ्लेक्स उतरवलेला नाही. उन्हाने तुझा रंग थोडा उडालाय, पण ओळखू येतेस.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. लोभ वाढवायचा की राखायचा ते तुझ्याकडे.
विरूपाक्ष मामा

नवी दिल्ली
१९ मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

मल्लेशच्या मातीला मी आले, तुमच्यासमोर पाऊण तास बसले आणि एक शब्द न बोलता उठून आले. तुम्हाला ऐकू येत नाही, ही सबब मी मनाशी केली. खरं म्हणजे मला तोंड उघडण्याची भीती वाटत होती.

या महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि शुक्रवारी पहाटे त्याच्या चौकीवर गोळा पडला. त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी टीव्हीवर सांगत होते की जरब टिकून आहे, प्रकरण हाताबाहेर जाणार नाही. तेव्हा मल्लेशला जाऊन बारा तास झाले होते आणि मला ते ठाऊक नव्हतं. शनिवारी गोळीबार थांबला. निवेदकाने माझं अभिनंदन केलं, कारण मी म्हटलं तसंच झालं होतं. रविवारी वर्षाराणीच्या भावाचा फोन आला.

मामा, एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. माझ्या पुस्तकात मोठं युद्ध होणार नाही या वाक्याला लागूनच दुसरं वाक्य आहे. मोठ्या युद्धाची भीती नाही असं कळलं की लहान चकमकी करायला दोन्ही देश धजावतात, आणि त्यांत होणारी हानी दोघांनाही सोसवते. ही दोन वाक्यं मी पंधरा वर्षं एकत्र शिकवते आहे. तुम्हाला लिहिताना मी पहिलंच लिहिलं.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. तुम्हाला घाबरवू नये असं वाटलं, हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की तुम्ही माझा फ्लेक्स लावला होता, मल्लेशने निर्णय माझ्यावर सोडला होता, आणि मला खात्रीने बोलायचं होतं. घरात मोठं दिसायचं होतं.

मी क्षमा मागत नाही, तेवढी माझी पात्रता नाही. उत्तर द्यावंसं वाटलं तर द्या.
शांभवी

शाहूपुरी, कोल्हापूर
८ जून २०२५

चि. शांभवीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू म्हणालीस तसंच झालं, युद्ध झालं नाही. तुझं शास्त्र खरं ठरलं आणि माझा मुलगा गेला, दोन्ही एकाच आठवड्यात. मार्चअखेर घरी आला असता, तर त्या शुक्रवारी तो दुकानात बसून माझ्याशी शाईच्या बाटल्यांवरून भांडत असता.

तू मातीला होतीस, पण विधी करणारे जंगम माझ्या कानाशी काय बोलत होते ते तुला कळलं नसेल. आपल्यात माणसाला बसवून माती देतात. माझा बाप बसला, आजा बसला. मल्लेशची पेटी उघडू नका, असं बरोबर आलेल्या साहेबांनी सांगितलं. उघडून बसवण्याजोगं आत काही नव्हतं, हे ते बोलले नाहीत, मला कळलं. जंगम विचारत होते की काय करू या. मी म्हणालो की आहे तसं ठेवा. त्याचं इष्टलिंग झाकणावर ठेवलं. आमच्या घराण्यात आडवा गेलेला तो पहिलाच.

पेठेत तीस फुटी फ्लेक्स लागला. दोन्ही तालमींनी मिळून लावला, आयुष्यात पहिल्यांदा. वर सात पुढाऱ्यांचे चेहरे आणि खाली कोपऱ्यात मल्लेश. मी छापायला नकार दिला, त्यांनी दुसरीकडून आणला. पैसे देईल त्याचा चेहरा मोठा, हा नियम आमच्याच धंद्यातला आहे, तक्रार कुणाकडे करू? खालच्या तालमीचा गणपती पैलवान येऊन म्हणाला की काका, आपण बी सोडलं न्हाय त्यास्नी. मी विचारलं की मग मल्लेशला घेऊन आलास का? त्याची चूक नव्हती, पण माझ्या तोंडून गेलं.

शालूबाई आली होती. भडंगाची पुडी ठेवून तासभर बसली. जाताना एवढंच म्हणाली की दोघं भांडत्यात तवा पेठ शाबूत ऱ्हाती, गाडा माझाच उलटतोय. मी तुला पहिल्याच पत्रात तिचं लिहिलं होतं. त्यापुढे एवढंच असं लिहून मी पुढे गेलो. तू तालमी वर्गात सांगितल्यास, गाडा सांगितला नाहीस. त्यामुळे सगळा दोष तुझ्यावर टाकत नाही. मला मान हवा होता, तुला मोठेपण हवं होतं. पण तू शिकलेली, तुला दुसरं वाक्य ठाऊक होतं. तुझा वाटा मोठा आहे, तो मी कमी करणार नाही.

तुझा फ्लेक्स उतरवला. चांगलं कापड फेकवत नाही, म्हणून पावसाचं मशिनच्या खोलीवर छत म्हणून घातलं. चेहरा आतल्या बाजूला आलाय. काम करताना वर पाहिलं की तूच दिसतेस.

लोभ असावा असं लिहायला आज हात उचलत नाही. तुटला असंही लिहवत नाही.
विरूपाक्ष

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ जुलै २०२५

शांभवीताईंस,
वर्षाराणीचा नमस्कार. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. तुमचं मे महिन्यातलं पत्र मीही वाचलं आहे. हे मात्र मामंजींना न सांगता लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात यांची ट्रंक आली. दोन गणवेश, दाढीचं सामान, पूर्णिमाने काढलेलं दुकानाचं चित्र, आणि मी पाठवलेली तुमच्या पत्राची झेरॉक्स. इतक्या वेळा उघडली होती की घडीवर फाटली होती. मागून चिकटपट्टी लावली होती. युद्ध होणार नाही, या ओळीखाली यांनी पेनने रेघ मारली होती.

मी फ्लेक्स बनवते, ताई. भावपूर्ण श्रद्धांजली हे शब्द मी रोज दोन-चार वेळा टाइप करते. त्या पाटीत माणसाबद्दल एकच गोष्ट लिहायची असते आणि बाकीची सोडायची असते, हे मला ठाऊक आहे. पण आम्ही ते माणूस गेल्यावर करतो.

तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. हो मी म्हणाले होते, हे मला जन्मभर पुरेल. कारण दुसरं आहे. यांच्या युनिटमध्ये आपल्या भागातले दोघे होते, शिरोळचे प्रभुलिंग आणि गडहिंग्लजचे पिराजी. यांनी तुमचं पत्र त्यांनाही वाचून दाखवलं होतं. प्रभुलिंगभाऊंनी त्याच भरवशावर मुदतवाढ घेतली, ते अजून तिथेच आहेत. पिराजीभाऊंना या महिनाअखेर सही करायची आहे. दोन लहान मुली आहेत. परवा त्यांचा फोन आला. आधी रडले, मग विचारलं की वहिनी, ताईंचं म्हणणं अजून तेच हाय का?

मी म्हणाले, विचारून सांगते. तुमचं उत्तर मी जसंच्या तसं त्यांना पाठवणार आहे.

लोभाचं नंतर पाहू. या वेळी दोन्ही वाक्यं लिहा.

वर्षाराणी