रिकामं कार्ड

।। श्री वैजनाथ प्रसन्न ।।
घाटनांदूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. शिवकन्या हिस, अनेक आशीर्वाद.

बोर्डिंगच्या गच्चीवर रविवारी केस वाळवताना तू माझ्या पाठीला पाठ लावून बसायचीस. सिस्टरनी शिवणाला हाक मारली की अंग चोरायचीस आणि मीही तुला झाकून घ्यायचे. काल न्हाऊन अंगणात बसले, तर पाठीमागे नुसती भिंत. बराच वेळ तशीच बसून राहिले.

इकडे सर्व ठीक. गुडघा बोलतो, पण अजून माझं ऐकतो. शेजारच्या वच्छलाबाई रोज चौकशी करतात आणि रोज नवं तेल सुचवतात.

लिहायला कारण झालं ते रविच्या फोनमुळे. तो म्हणाला की मावशी, आई एका क्रेडिट कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डातून भरते आणि विचारलं की गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवते. दुकान बंद करून तुला पुण्याला न्यायचं त्याने जवळजवळ ठरवलंच आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझी आई म्हणजे सामान नव्हे, टेंपोत घालून न्यायला. पण खरं काय ते मला कळायला हवं. तुझा फोन दुकानात सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून सावकाश लिही.

आहे तसा जीव लावून राहा.
तुझी
ताई (विजयमाला)


चौसाळा
१९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला की बाई, अजून कुणी पत्र लिहितं व्हय. मी म्हटलं, माझी बहीण शाळामास्तरीण होती, तिला दुसरं काय येतं.

रवि खोटं बोलला नाही. हे गेले त्या वर्षी दवाखान्याचं बिल एका कार्डावर भरलं. पुढच्या लग्नसराईत भांडी भरायला दुसरं काढलं. मग पहिल्याची तारीख आली की दुसऱ्यातून, दुसऱ्याची आली की इकडून तिकडून. दर महिन्याला कमीत कमी रक्कम भरत राहिले. मूळ रक्कम होती तिथंच, व्याज मात्र लई वाढलं.

आता एक मार्ग निघालाय. बीडच्या बँकेत योगिता म्हणून मुलगी आहे, आपल्या आप्पांच्या दुकानातून तिच्या आईच्या लग्नाची भांडी गेली होती. तिने बॅलन्स ट्रान्सफर करून दिलं. म्हणजे त्यांच्या नव्या कार्डाने माझ्या दोन्ही जुन्या कार्डांचं देणं उचललं. सुरुवातीला थोडी फी घेतली, पण सहा महिने व्याज अगदी नावाला. तेवढ्यात फेडलं तर सुटले. नाही फेडलं तर पुन्हा पहिल्यासारखं व्याज.

फेडायचं म्हणजे लग्नसराईवर. नाही जमलं तर दुकान जातंय, हे तुला स्पष्टच सांगते. जागेचे मालक सुंदरराव भला माणूस, पण त्यांच्या जावयाला मोबाइलचं दुकान टाकायचंय. ते म्हणाले की बाई, तुम्ही हाय तोवर मी बोलणार न्हाई, पण भाडं थकलं तर जावई माझं ऐकणार न्हाई. मग रविचा तिसरा मजला. तिथं मला लिफ्टसुद्धा ओळखत नाही.

रविला तू काही बोलू नकोस. गुडघ्याला जप. लोभ कमी करू नकोस.
तुझी
शिवकन्या


घाटनांदूर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. शिवकन्या हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्याकडे भांडी आहेतच पुष्कळ.

योगिताला माझे आशीर्वाद सांग. एक गोष्ट मात्र आजच कर. दोन्ही जुनी कार्डं बँकेला कळवून बंद कर आणि कात्रीने काप. देणं नव्या कार्डावर गेलं, आता जुन्यांचं काम संपलं. ती गल्ल्यात राहिली तर हात जाईल. तुझा हात मला ठाऊक आहे. बोर्डिंगमधला माझा लाडवाचा डबा आठवडाभर टिकायचा नाही.

भांड्यांवर नावं अजून तूच घालतेस ना? परवा वच्छलाबाईंच्या सुनेच्या माहेरून तांब्या आला, त्यावरच्या अक्षरावरून मी ओळखलं की हे चौसाळ्याहून आलं. सिस्टर असत्या तर ‘ळ’च्या गाठीबद्दल तुला अजूनही बोलल्या असत्या.

कार्डं कापलीस की कळव.
तुझी
ताई


चौसाळा
२ मार्च २०२५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही. तू फोनवर कार्डांचं विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं.

एक कापलं. दुसरं कापायला घेतलं तेव्हा मोबाइलवर त्याचा हिशेब उघडला. देणं शून्य. ताई, आपण भांडेवाल्याच्या पोरी. आप्पांनी कधी कुणाला रिकामं भांडं हातात दिलं नाही. तांब्या असो की हंडा, आत तांदळाचे चार दाणे टाकूनच द्यायचे. मीही अजून तसंच करते. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवते. ते शून्य पाहून मला पालथं घातलेलं पातेलं दिसलं. रिकामं ठेवून बंद करायला मन धजेना. म्हणून त्यावर तेलाचा एक डबा घेतला. नुसता शकुनाला. पुढच्या महिन्यात भरून टाकू आणि मग बंद करू म्हणून.

मग लातूरचा ठोक व्यापारी पितळ घेऊन आला. सराई तोंडावर, नव्या कार्डाचे हप्ते चालू, हातात रोकड नाही, आणि जुन्या कार्डात जागाच जागा. मी त्यावर माल भरत गेले. पितळ अजून माळ्यावर आहे. लोक आता आहेराला मिक्सर देतात.

म्हणजे आता नव्या कार्डाचं देणं निम्मं बाकी आणि जुनं पुन्हा देण्यानं भरलेलं. योगिताला भेटले. ती बिचारी म्हणाली की मावशी, शकुन माझ्या कार्डावर तरी करू नका. हसली नाही. दुसऱ्या एका बँकेत आणखी एकदा ट्रान्सफर होईल असंही म्हणाली. तुला काय वाटतं?

रवि विचारतो की आई, माझ्या फोनला कावून घाबरतेस. त्याला काय सांगू?

तुझी
शिवकन्या


घाटनांदूर
९ मार्च २०२५

चि. शिवकन्या हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रागावायला बसले. मग वच्छलाबाईंचा वाटीतला ठेचा संपला होता, ती वाटी परत द्यायची म्हणून तिच्यात साखर घातली आणि राग तिथंच राहिला. मीही कापलं नसतं कदाचित.

पण पुन्हा ट्रान्सफर नको. पहिल्या वेळी तो मार्ग होता, कारण तुला सहा महिने मिळाले. आता नव्याने फी द्यायची, नवी मुदत घ्यायची आणि माळ्यावर पितळ तसंच. जागा बदलली की देणं कमी झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

माझी मुदत ठेव पोस्टात आहे. ती मोडते. तू नाही म्हणणार हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते.

आणि रविला तूच सांग. मोठा झालाय तो. आपण दोघीच त्याला अजून शाळेत पाठवतोय.

तुझी
ताई


चौसाळा
२ मे २०२५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी ठेव मोडू नकोस. गरज उरली नाही.

रविला सगळं सांगितलं. त्याने दोन्ही कार्डांचा आकडा विचारून घेतला. मग म्हणाला की आई, मी पैसे भरतो. मी म्हटलं, भरशील आणि मी पुन्हा तेलाचा डबा घेईन. त्यापेक्षा माल काढते. अंबाजोगाईच्या सोमेश्वर भांडेवाल्याने पितळ आणि स्टील बहुतेक सगळं घेतलं. भाव पाडून घेतलं, पण रोख दिलं. मुदतीच्या आत नवं कार्ड फिटलं, जुनंही फिटलं. दोन्ही बंद केली. शून्य दिसलं आणि मी तसंच ठेवून दिलं.

दुकान सुंदररावांच्या हवाली करतेय. किल्ली द्यायला गेले तर ते म्हणाले की दाराशी तुमचं भांड्यांवर नावं घालायचं मशीन राहू द्या, लोक बाईचं अक्षर मागतात, जावयाला मी सांगतो. जावई म्हणाला की मावशी, माझ्या मोबाइलच्या कव्हरवरपण नावं घालता का. घालते म्हटलं. भाडं नको म्हणाले, मी थोडं देणारच.

पुण्याला दिवाळीला जाईन. आठ दिवस. रविला तेवढं कबूल केलंय.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी
शिवकन्या

ता. क. पुढच्या रविवारी तू जीप करून येशील तेव्हा उरलेलं असं वाटून दे, माझ्या हाताने देववणार नाही. मोठी दोन पातेली आणि झारे मठाला, महाप्रसादाला लागतात. पाण्याचं पिंप शाळेला. पितळेचा डबा योगिताला दे, नको म्हणेल, तिथंच ठेवून ये. यांचा तराजू रविला. त्याला वजन करता येत नाही, तरी त्यालाच. स्टीलच्या वाट्या वच्छलाबाईंना. माळ्यावरची शिडी सुंदररावांची आहे, ती त्यांना परत. गल्ल्याशेजारची लाकडी खुर्ची मात्र कुणी मागितली तरी देऊ नकोस. ती मशीनपुढे ठेव. सोमवारी मला बसायचंय.