दादाच्या जागेचा पगार

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
९ मे २०००

चि. नीलम हिस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

आधी बातमी तुला कळवतो. आईला तूच सांग, माझी हिंमत होत नाही. मी सांख्यिकी खात्याचा राजीनामा दिला. एक तारखेपासून गुडगावच्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्ट म्हणून लागतो आहे. परदेशी बँकेच्या कार्डवाल्यांपैकी कोण पैसे वेळेवर भरेल आणि कोण बुडवेल, याचा अंदाज बांधायचा, एवढंच काम. खात्यात गव्हाच्या उताऱ्याचे आकडे जुळवून साडेनऊ हजार मिळायचे, इथे अठ्ठावीस. मुलाखतीत मी भीतभीत वीस म्हटलं, तर ते हसले आणि त्यांनीच वाढवले!

हे क्वार्टर सोडावं लागेल. दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत, सोसायटीत हप्त्यावर घर घेतलं आहे. पाणी टँकरने येतं आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर कुत्री सोडून कुणी नसतं, म्हणून तुझी लतावहिनी थोडी रुसली आहे. पण सगळं शहर तिकडेच सरकतंय. माझ्या शेजारी अमोल बसणार आहे, तो यवतमाळचा. तो म्हणतो, यार, इथे माणूस जेवायला समोरच्या इमारतीत जातो आणि दीडपट पगार ठरवून परत येतो.

तू त्या कॉलेजात तासावर किती दिवस शिकवणार? विचार कर.

लोभ आहेच, आईच्या रागापासून मला थोडं वाचव.
तुझा,
संघपाल


अमरावती
२ जून २०००

ती. दादास,
सविनय जयभीम.

सांगितलं एकदाचं. आईने गॅस बंद केला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, जी नोकरी तुझ्या बाबांच्या साहेबाला मिळायची ती याला मिळाली, आणि याने ती परत करून टाकली. मी तुझी बाजू घेतली, म्हणून त्या दिवशी मलाही भाजीत मीठ नव्हतं.

अभिनंदन मनापासून. पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एक शंका आली. तुम्ही सगळे अंदाज बांधणारे. मग तुमचे पगार कुठवर चढतील, याचा अंदाज कोण बांधतं? की तो बांधायचाच नसतो?

चिडू नकोस, मास्तरीणबाईंची खोड आहे. वहिनीला घराचा फोटो पाठवायला सांग.

माया आहे तशीच ठेव.
नीलम


द्वारका
१९ मार्च २००१

चि. नीलम हिस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

तुझ्या शंकेचं उत्तर आता माझ्याच टेबलावर आहे. आमच्या वरिष्ठ अरुणा मॅडमनी मला कार्डांवरून काढून पगारांवर बसवलं. शहरातल्या कंपन्या ॲनालिस्टला काय देतात ते गोळा करायचं आणि आपला कोण माणूस सोडून जाईल, हे आधीच ओळखायचं. मी ज्याचं नाव काढायचो त्याचा पगार वाढायचा. दिवाळीपर्यंत अख्खा मजला मला चहा पाजत होता.

जानेवारीत अमेरिकेकडून येणारं काम आटलं. मॅडम म्हणाल्या, गणित तेच ठेव, फक्त प्रश्न उलटा कर. कोण जाईल ते नको, कोणाला घालवता येईल ते काढ. मी काढलं. गेल्या आठवड्यात अमोलचं आत यायचं कार्ड ऑफिसच्या दाराला लागेना. मशीन बिघडलं म्हणून तो हसत उभा होता. तेवढ्यात पहारेकऱ्याने त्याचं सामान खोक्यात घालून बाहेर आणून दिलं. वर डबा होता, बायकोने भरलेला, न उघडलेला. तो अजून मला फोन करतो. त्याच्यासाठी कुठे शब्द टाकता येईल का, म्हणून विचारतो.

असो. महागडी माणसं जातात आणि तरुण येतात, बाजार असाच असतो. तशी एक जागा आहे. सांख्यिकीतलं एम.एस्सी. कुणी ओळखीचं आहे का, असं मॅडमनी विचारलं. मी बिल्कुल वेळ न घालवता तुझं नाव दिलं. बहीणभाऊ एकाच कॅबमध्ये!

लोभ वाढव, आणि बॅग भर.
संघपाल


अमरावती
११ एप्रिल २००१

ती. दादास,
सविनय जयभीम.

मॅडमचा फोन आला. बारा हजार देतो म्हणाल्या. कॉलेजच्या मानाने हा आकडा इतका मोठा, की मी शेजारच्या काकूंसमोरच टाळी वाजवली. मग तुझे अठ्ठावीस आठवले. विचारलं, तर त्या म्हणाल्या की ते दिवस गेले, आता एवढ्यात रांग लागते. मी हो म्हणून टाकलं.

त्यांनी आणखी एक विचारलं. संघपाल करतो ते काम शिकायला मला किती वेळ लागेल? मी म्हटलं, दादाने शिकवलं तर दोन महिने. त्या म्हणाल्या, शिकवेल की. फार गोड बोलतात त्या.

आई स्टेशनवर येणार नाही म्हणते, पण माझे लाडू तिनेच बांधलेत.

भेटीअंती लोभ वाढेलच.
नीलम


द्वारका
२१ ऑक्टोबर २००१

ती. दादास,
सविनय जयभीम.

तुम्ही अमरावतीला गेल्यापासून तू फोनवर फक्त हवापाणी विचारतोस, म्हणून लिहिते. तू मला शिकवलंस, काही हातचं न राखता. आणि जुलैत तुझं कार्ड दाराला लागलं नाही. मी आत होते, तू बाहेर होतास, मध्ये काच. तू मला हातानेच खूण केलीस, जा, जागेवर बस. मी बसले. मला उठता आलं असतं, दादा. या घराचा हप्ता डोळ्यांपुढे आला आणि मी बसूनच राहिले. तेव्हापासून तुझ्या जागेवर आहे, बारा हजारांतच.

परवा मॅडमनी मला बोलावून घेतलं. तुझ्या कॉलेजातली कुणी हुशार मुलगी असेल तर सांग म्हणाल्या. मी कुणी नाही म्हटलं. खरं तर तेजश्रीचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. माझी सगळ्यांत तल्लख विद्यार्थिनी, गुडगावला येऊ का विचारत होती. त्याच दिवशी तिला उलट टपाली लिहिलं: येऊ नकोस, कारण विचारू नकोस.

काल मॅडम हसत म्हणाल्या, अच्छा, तू सांगितलं नाहीस तरी एक सापडली. तेजश्रीने स्वतःच अर्ज पाठवला होता. नीलम मॅडमकडे शिकले, असं अभिमानाने लिहिलं होतं, आणि सात हजारांवर यायला तयार होती.

पुढच्या सोमवारी तिची मुलाखत आहे. घ्यायला मला सांगितलंय. तिला परत पाठवायचं, तर तिच्या उत्तरांत चूक सापडायला हवी. आणि चूक कशी करायची नाही, हे मीच तिला तीन वर्षं शिकवत होते.

आईला, वहिनीला जयभीम. माझ्यावर राग असेल तर असू दे, पण लोभही ठेव.
तुझी,
नीलम