आत्याचं दार

९ जानेवारी

नकाशात आत्या नाही.

मी तीनदा बघितला. आई-बाबांची खोली आहे. दादा-वहिनीची आहे. बाळाची आहे — बाळ अजून वहिनीच्या पोटात, पण त्याला पूर्वेची खिडकी. पाहुण्यांची खोली. चपलांना कोनाडा. चपलांना जागा आहे हो!

"आणि आत्या कुठे झोपणार?" म्हटलं.

सगळे नकाशावर वाकले. खरंच वाकले. जशी काही ती एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडणार होती. मग दादा म्हणाला, "अगं, ती काय, कुठेही झोपते."

आत्या त्याच खोलीत वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. एक वाटाणा माझ्या पायाशी घरंगळत आला, तो मी खाल्ला.

१० जानेवारी

हे झालं कसं, ते आज कळलं.

रस्ता रुंद होणार म्हणून आमचं हे घर जाणार, हे दोन वर्षांपासून चाललंय. नवी जागा घेतली, नकाशेवाल्या बाई ठरवल्या. त्या आल्या आणि त्यांनी आधी हे जुनं घर मोजलं. पलंग केवढा, कपाट केवढं, कोण कुठे निजतं. त्यांची पद्धतच ती. म्हणतात, माणसांना विचारलं की ती वाढवून सांगतात, सामान वाढवून सांगत नाही. बरोबर आहे. पण आत्याला सामानच नाही. बसायच्या खोलीत झोपते, पहाटे गादी गुंडाळून दिवाणाखाली सारते. कपडे आईच्या कपाटात, खालच्या खणात. बाईंना दिसली ती स्वच्छ, रिकामी बसायची खोली.

आणि गंमत म्हणजे टेपचं दुसरं टोक आत्यानेच धरलं होतं. घरभर फिरून धरलं. आईने सांगितलं.

मी तेव्हा इथे नव्हते. बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते. लाद्या घसरगुंडीवरून सोडायच्या आणि बाजूला व्हायचं. चांगलं काम होतं, पण बोटं... जाऊ दे. आत्याबद्दल लिहीत होते.

११ जानेवारी

पाहुण्यांची खोली म्हणे माझ्यासाठीच धरली होती. म्हणजे मी पाहुणी. बरं. मग माझी खोली मी आत्याला दिली, संपलं.

दादा म्हणाला, "न सांगता जाणाऱ्यांनी आणि वर्षातून दोनदा उगवणाऱ्यांनी नकाशात नाक खुपसू नये." वर म्हणे माझ्या पायाला भिंगरी आहे आणि तोंडाला दुसरी.

असेल. दोन्ही चालू ठेवणार.

१७ जानेवारी

घरांचा कारखाना पाहिला. बाबा, दादा आणि मी. (मला कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पोत मागे बसले.)

भिंती आडव्या पडलेल्या असतात, लांब टेबलांवर, भाकरीसारख्या... नाही, दरवाजासारख्या. भिंत आडवी पडली की किती गरीब दिसते! बाहेरून पत्रा, पोटात फोम, आणि फोमच्या आत वायरी, पाइप, सगळं आधीच भरून ठेवलेलं. खिडक्यांची भोकं कापलेली. प्रत्येक भिंतीवर आकडा. ट्रकवर चढवायच्या, जागेवर न्यायच्या, क्रेनने उभ्या करायच्या, बोल्ट आवळायचे. घर.

तिथल्या साहेबांचं नाव मी पटपट ठेवलंय. "पाया तुमचा तयार असला की आम्ही पटपट उभं करतो. पटपट छत, पटपट रंग." पण एक गोष्ट त्याने सावकाश सांगितली. या महिनाअखेर नकाशा बंद होणार. त्यानंतर भिंती कापायला घेणार, आणि मग काही म्हणता काही बदलायचं नाही. "खिळा ठोकायचा तरी मला विचारून. नाहीतर वायरीत जाईल आणि तुम्ही दिव्यासारखे पेटाल."

अंगणात एक नुसतीच भिंत उभी होती, टेकू देऊन. तिला दार होतं. पुढे काही नाही, मागे काही नाही. मी दार उघडून पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले. पुन्हा गेले. दादा म्हणाला, "झालं तुझं?"

नव्हतं झालं.

२२ जानेवारी

आज नव्या घरात जाऊन आलो. घर म्हणजे फक्की. बाईंनी रिकाम्या जागेवर पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखलं होतं, खऱ्या मापाचं. भिंती म्हणजे रेघा, दारं म्हणजे रेघांमधल्या फटी. बाई म्हणाल्या, "आत या, जरा राहून बघा. कुठे अडखळता ते मला पाहायचंय."

बाबा तिथल्या तिथे मालक झाले. "कुणी रेघ ओलांडायची नाही. दारातून या." न्हाणीघरात एक कुत्रं येऊन बसलं होतं, त्यालाही वहिनीने दाराच्या फटीतूनच हाकललं. दादा पलंगाच्या जागी मातीत आडवा झाला आणि पाय भिंतीबाहेर जातात म्हणून तक्रार करायला लागला. आई स्वयंपाकघरात उभी होती. हवेतल्या हवेत भांडी घासत होती.

आत्या तिच्या खोलीत. तिच्यापाशी बाई गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला इथे काय काय हवंय?"

आत्याने चारी रेघा बघून घेतल्या. मग चप्पल काढली आणि पायाने बाहेरच्या बाजूची रेघ पुसली. हातभर.

"इथे दार."

"खिडकी?"

"दार. बाहेर जाणारं. मला कुलूप लावता येईल असं."

बाबा तीन खोल्यांपलीकडून आले. दारं-बिरं विसरून, सरळ भिंतींतून. "ताई, घराला दार आहे ना."

"तुझ्या घराला आहे."

"मग ते तुझं नाही?"

"त्यातून निघायचं तर चौघांच्या समोरून जावं लागतं. कुठे चाललीस, कधी येणार, येताना साबण आण."

वहिनी हसली. मग तिला आठवलं की साबण तीच सांगते.

दादा म्हणाला, "अगं आत्या, लोकांना वाटेल आम्ही भाडेकरू ठेवलाय."

"वाटू दे की. चांगली भाडेकरू आहे म्हणावं, आवाज करत नाही."

"आणि दार नाही केलं तर?" बाबा.

"तर भिंत घाला. मी येत नाही."

"येत नाही म्हणजे? जाशील कुठे?"

"माझं मी बघेन."

साठी उलटलेली बाई, अनवाणी, पायाला फक्की लागलेली. आवाजसुद्धा चढवला नाही तिने. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या, त्यामुळे जरा विचित्र वाटलं, पण थांबले नाही.

बाईंनी वाकून त्या पुसलेल्या जागेचं माप घेतलं. या वेळी टेपचं दुसरं टोक मी धरलं.

२३ जानेवारी

बाबा म्हणतात हे खूळ मीच तिच्या डोक्यात घातलं. मी घातलं नाही. पण नाही असं सांगितलंही नाही. एवढं चांगलं खूळ कोण नाकारेल?

२४ जानेवारी

दादाशी कडाक्याचं भांडण. मुद्दे त्याचे असे: घराला एक पुढचं दार असतं आणि एक मागचं. तिसरं दार म्हणजे घर फुटल्याची खूण. चोर येतील. पाऊस येईल. शेवटी म्हणाला, "तू कशाला नाचतेस? महिन्याभरात तू चालती होशील, दार आम्हाला सांभाळायचंय."

म्हटलं, दार होईपर्यंत मी हलत नाही.

हे रागात बोलले. आणि उद्याच स्ट्रॉबेरीच्या तोडणीला निघायचं होतं. ट्रक येणार, सगळी टोळी जाणार. डोंगरात तंबू, सकाळी थंडीत गारगार फळं. एकदा त्या टोळीतल्या एकाने मला शिट्टी वाजवून... ते नंतर.

ट्रकवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

२५ जानेवारी

आई कपडे वाळत घालताना बोलली. माझ्याकडे न बघता, चादरीच्या पलीकडून.

"मी लग्न होऊन आले ना, तेव्हा आमची आत्ताची खोली वन्संची होती. त्यांनी आपणहून गादी बाहेर आणली. म्हणाल्या, दोन-चार महिने, मग वर एक खोली चढवू."

"मग चढवली का नाही?"

"दादा झाला. मग तू झालीस. मग त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही काही विचारलं नाही." चिमटा लावला. "मी रोज त्या खोलीचं दार आतून लावते. इतकी वर्षं. कधी मनात आलं नाही असं नाही."

मी उशीचा ओला अभ्रा तिच्या हातात दिला.

२७ जानेवारी

बाबा अजून अडून. "माझं घर आहे, सही माझी आहे." आत्या तिचं काम करते, टेकून पेपर वाचते. शब्दकोडं सोडवते. मला म्हणाली, "'हट्टी', चार अक्षरं, सांग." मी म्हटलं, "बाबांचं नाव घाल." म्हणाली, "त्यात तीनच आहेत."

२९ जानेवारी

आईने संप केला!

झालं असं. नकाशा बंद करायला सगळी मापं हवीत. एकच राहिलं होतं — ओट्याची उंची. ओटा कारखान्यातून भिंतीला जोडूनच येतो आणि तो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपरावरून ठरतो. नकाशेवाल्या बाई टेप घेऊन आल्या. पटपटही आला होता, कागद घेऊन. आई ओल्या हातांनी उभी राहिली आणि कोपर दाबून धरलं. अंगाशी.

"आधी वन्संचं दार काढा नकाशात. मग माझं कोपर मोजा."

बाबा म्हणाले, "अगं, लोक बसलेत."

"बसू देत. चहा ठेवते."

"उंची सांगितली नाहीस तर ओटा चुकेल. पाठ तुझीच जाईल."

"पाठ जाऊ दे. पण तुम्ही चुकीच्या ओट्यावरचं जेवाल आणि रोज तुम्हाला आठवेल."

पटपटने बाबांकडे बघितलं. दादाने वहिनीकडे. वहिनी माझ्या बापाला म्हणाली, हो, ही आमची मवाळ वहिनी: "बाबा, द्या ना दार. उद्या माझंही वय होणार आहे."

किटली उकळायला लागली. मग बाबांनी पेन मागितलं. आत्याच्या भिंतीत फट काढली, स्वतःच्या हाताने, वेडीवाकडी. बाईंनी ती नंतर सरळ केली. बाबा म्हणाले, "आत उघडू दे. बाहेर उघडलं तर वाऱ्याने आपटेल." एवढंच. आत्या म्हणाली, "चालेल."

आईने हात पुसले आणि कोपर पुढे केलं.

जिंकलो! मी अंगणात जाऊन ओरडले. शेजारचा म्हातारा म्हणाला, मॅच संपली का?

११ मार्च

भिंती आल्या. क्रेन. आत्याची भिंत चौथी होती. दोरांवर लटकून, हवेत गोल फिरत आली, दारासकट. आम्ही सगळे माना वर करून. दाराच्या चौकटीतून आभाळ दिसत होतं.

पटपट म्हणाला, "बाजूला व्हा, पटपट."

६ एप्रिल

राहायला आलो. घराला अजून नव्या पत्र्याचा आणि रंगाचा वास. बोललं की किंचित घुमतं. आईचा ओटा बरोबर. दादाचे पाय बरोबर. मी बसायच्या खोलीत झोपते, गादी टाकून, मला चालतं. पाठीवरच्या पिशवीत काय ते माझं सामान.

आत्याने एक पलंग आणि एक कपाट घेतलं. दुपारी तिने खोलीत जाऊन दोन्ही दारं लावली, आतलंही आणि बाहेरचंही. आम्ही सगळे अलीकडे. वहिनी म्हणाली, "झोपल्या असतील." मग आतून पलंग ओढल्याचा आवाज. मग पुन्हा ओढल्याचा, दुसऱ्या बाजूला.

मी पुढच्या आठवड्यात निघायचं म्हणतेय. एका बोटीवर स्वयंपाकीण हवी आहे.

१२ एप्रिल

आत्या सकाळपासून नाही. बाहेरच्या दाराला कुलूप, आतलं आतून बंद. फोन खोलीतच वाजतो, भिंतीतून ऐकू येतो. फोम आहे म्हणे आवाज अडवायला. अडत नाही.

ती आधी काम करायची त्या दवाखान्यात जाऊन आले. वाचनालयात. तिच्या त्या एका मैत्रिणीकडे. बस थांबतात तिथे दोनदा. नाही. दादा म्हणतो, "येईल गं, दार कशाला घेतलंय?" आणि हसतो. बाबाही मिशीत हसतायत. मला हसू येत नाही. निदान मला तरी सांगून जायचं. एक ओळ. एक निरोप. कुठे जाते, कधी येते...

तिच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसलेय. अक्षर दिसेनासं व्हायला लागलं. आई ताट घेऊन आली. म्हटलं, ती आली की जेवेन.

आई ताट मांडीवर घेऊन शेजारी बसली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "होते सवय."