नाका सुधारला, माझी पंचाईत झाली

तीर्थरूप आत्यास, तुझ्या ट्रकवाल्या भाच्याचा स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी नमस्कार. (गाडी उभी आहे, काळजी नको.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबा कानाचं यंत्र लावायला लागले, की अजून तुझं बोलणं चुकवतात? ‘विनंती विशेष’ असं लिहायची रीत आहे. विनंतीचं मागाहून बघू, आधी विशेष ऐक.

सीमेवरचा नाका सुधारला. तू म्हणशील, बरं झालं. कसलं बरं! पूर्वी सफरचंदं घेऊन गेलो की कागद एका खोलीत, शिक्का दुसऱ्या खोलीत आणि शिक्केवाला जेवायला, अशी दोन-तीन दिवसांची निश्चिंती असायची. त्यात एक अख्खी दुपार कीड तपासणाऱ्या बाईंच्या शेडमध्ये जायची. बाई एकेक पेटी उघडून फळं भिंगाखाली धरायच्या आणि मी शेजारी उभा राहून पेट्या उचलून द्यायचो. (काम हमालाचं होतं. त्याला मी चहाला पाठवायचो.) आता दोन्ही देशांचे साहेब एकाच टेबलाशी बसतात, कागद आमच्या आधी संगणकावर हजर, बाई एका पेटीतलं एक फळ बघून ‘जा’ म्हणतात, की फाटक वर. व्यापार धावतोय, शेठ खूश आहेत, आणि मला बाईंचा चेहराही धड बघायला मिळत नाही. हे तुला म्हणून सांगतो; बाबांच्या कानावर घालू नकोस.

मी काही स्वस्थ बसलो नाही. एकदा नाक्याजवळ मुद्दाम चाकातली हवा सोडली. तर ‘जलद सेवा’ लिहिलेल्या टोप्या घातलेली चार माणसं पंप घेऊन धावत आली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत चाक टम्म! पुढच्या खेपेला रांगेत सगळ्यांना ‘आधी तुम्ही’ करत बसलो, तर मोठ्या साहेबांनी माझ्या सौजन्याबद्दल मला हार घातला आणि फोटो काढून भिंतीवर लावला. तेव्हापासून फाटकवाला मला लांबूनच ओळखतो आणि मी पोचायच्या आत फाटक उघडून ठेवतो. सांग, आता कपाळ बडवून घेऊ नको तर काय करू?

शेवटी डोकं चालवलं. (आहे मला, तू काही म्हण.) अंगणातल्या लिंबोणीवरची चांगली जाडजूड हिरवी अळी धरली आणि सफरचंदाच्या पेटीत ठेवली. बाईंनी नेमकी भलतीच पेटी उघडली आणि ‘जा’ म्हणाल्या! मग लाज सोडून मीच म्हणालो, “बाई, त्या कोपऱ्यातल्या पेटीत अळी असावी असा मला संशय आहे.” बाईंनी अळी चिमट्यात धरली, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अख्खी गाडी शेडमध्ये घ्यायला लावली. शेठ फोनवर जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पुन्हा असं झालं तर दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणालेत. पण आत्या, तीन दिवस शेड, पेट्या आणि आम्ही दोघं! आणि तुझा हा वाघ तीन दिवस बोलला कशावर? फळमाशीवर. मनातलं एक अक्षर तोंडातून निघेल तर शपथ.

असो. आतोबांना ओरडून नमस्कार सांग.

तुझाच,
नाक्यावरच्या भिंतीवर लटकलेला भाचा

ता. क. आता विनंती. पुढच्या आठवड्यात सवड काढून ये आणि बाईंच्या आईशी माझ्यासाठी बोलणी कर. मायलेकी नाक्यामागच्या क्वार्टरमध्येच राहतात. मला हे जमणार नाही हे तुला दिसलंच, आणि आणखी एक अळी घातली तर नोकरी जाईल.

ता. क. दुसरा. शेडमध्येच पाकीट चिकटवणार तेवढ्यात गाडी सोडायचा कागद घेऊन बाई आल्या. एवढं लांबलचक कुणाला, म्हणाल्या. मी म्हटलं, आत्याला. नाक्याचं कौतुक कळवतोय. तर म्हणाल्या, “मग हेही कळवा, की ती अळी लिंबोणीची पानं खाते, सफरचंदाला तोंडही लावत नाही. मला बघताक्षणी कळलं होतं.” आणि गेल्या! आत्या, बघताक्षणी कळलं होतं, आणि तरी तीन दिवस गाडी अडवून ठेवली! पुढचा आठवडा राहू दे. मिळेल त्या गाडीने निघ.