डॉक्टर धन्याचं नाव विचारतात

॥ श्री ॥

कुरुंदा, ता. वसमत
४ फेब्रुवारी २००१

चि. सौ. शिला हिस आबाचा आशीर्वाद. इकडं समदे खुशाल, तिकडची खुशाली कळवत जा.

पत्र भेटलं. तुझ्या मायचं डोस्क्याचं आपरेशन शुक्कीरवारी हाय, समजलं. मला पुण्याला या म्हनून एका पत्रात तीनदा लिवलंस. एकदा लिवलं तरी वाचता येतं, चौथी पास हाव मी. हळद निघून राहिली. शिजवायची कढई मांडली. ग्यानबा गडी चांगला हाय, पर त्याच्यावर सोडलं तर अर्धी हळद कच्ची राहते अन् अर्धीचा गाळ. हत्यार डॉक्टर चालवनार. मी तिथं बाकड्यावर बसून काय जांभया देऊ?

फोन करू नको. फोनवाल्याच्या दुकानी सारं गाव कान लावून बसतं, अन् तू नुसती रडतीस. रडायचे पैसे कशाला भरायचे?

केस काढतील म्हनून तू कष्टी झालीस. काढू दे. केस गाजरगवतावानी येतात. सालभर ती डोस्कं धरून बसायची, सकाळी उठली की उलटी. मी म्हनलो पित्त हाय, अन् लिंबू पाजत राहिलो. ते एक जाऊ दे.

म्हस दूध चोरून राहिली. तिला तुझ्या मायचाच हात लागतो. काल मी तिचं लुगडं अंगावर घेऊन धार काढाया बसलो. म्हशीनं हुंगलं अन् लाथ घातली. ग्यानबा लोळून हसला. हे मायला सांगू नको. सांगितलं तरी चालंल.

जावईबापूंना नमस्कार. माया असू दे, रडं कमी असू दे.
तुझा आबा

॥ श्री ॥

पुणे
१६ फेब्रुवारी २००१

ती. आबांना शिलाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपरेशन झालं. आठ तास लागले. लिंबाएवढी गाठ निघाली. तपासणीचा कागद परवा आला, गाठ साधी आहे, परत व्हायची नाही असं डॉक्टर म्हणाले. आबा, मी रडले नाही. यांना विचारा पाहिजे तर.

माय बोलते, भात खाते, नर्सबाईला चहात साखर जास्त घाल म्हणते. म्हशीची गोष्ट सांगितली तर टाके दुखेपर्यंत हसली. पण एक काळजी लागून राहिली. रोज सकाळी डॉक्टर येऊन तिला विचारतात, आज वार कोणता, गाव कोणतं, लेकरं किती. सगळं बरोबर सांगते. मग विचारतात, नवऱ्याचं नाव काय. की ही गप्प. खाली बघते, पदर ओढते. सहा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, तेवढी जागा दुखावली असेल, अजून ठेवून बघू, डोक्याचा आणखी एक फोटो काढू.

आबा, तिला तुमचं नाव आठवत नाही. मी जवळ असून मला भीती वाटते, तुम्ही तिकडं इतके निवांत कसे राहता? एकदा या.

तुमची माया आहे तशीच राहो.
तुमची शिला

॥ श्री ॥

कुरुंदा
२१ फेब्रुवारी २००१

चि. शिला, आशीर्वाद.

तू पुण्याला जाऊन येडी झालीस, का पुन्यानं तुला येडी केली? अगं, चाळीस सालात तिनं कवा माझं नाव घेतलं का, ते आता पलंगावर पडून परक्या मानसापुढं घेईल? मतदार यादीवाला मास्तर आलता तवा मी शेतात होतो. त्यानं धन्याचं नाव विचारलं. ही म्हनाली, तिरुपतीच्या देवाचं हाय तेच. त्यानं लिवलं बालाजी. दहा साल तुझ्या मायनं बालाजीची बायको म्हनून मत टाकलं. मी भांडलो तर म्हनती कशी, देव तर एकच हाय ना, मग तुमाला काहून राग?

डॉक्टरला हे बराबर समजावून सांग. फोटू काढू नको म्हनावं, तिच्या डोस्क्यात काही कमी न्हाई. अन् तिला सांग, मी परवानगी दिली. एक डाव घे म्हनावं नाव, मरत न्हाई मी.

एक पोतं हळद आज गाळ झाली. ध्यान न्हवतं माझं. ग्यानबाला शिव्या दिल्या. चूक माझी होती.

लोभ हाय तो हायच, लिवायचा कशाला.
आबा

पुणे, दवाखान्यातून
२६ फेब्रुवारी २००१

शिलाच्या आबांना नमस्कार.

शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून मिना, तिच्याकडून लिहून घेते. शिला जेवायला घरी गेली. तिला ह्यातलं कळू देऊ नका.

तुमचं पत्र तिनं सगळ्यांपुढं वाचलं. बालाजीचं ऐकून डॉक्टर बी हसले. मग मी त्यांच्या कानात तुमचं नाव सांगून टाकलं. बराबर सांगितलं. ते माझ्या ध्यानात पहिल्यापासून होतंच, लाजेनं तोंडातून निघत न्हवतं. डॉक्टर म्हनाले, झालं, येत्या आठवड्यात घरी जा. शिलानं पेढे वाटले.

पर नाव घेतलं अन् डोळे मिटले, तर तुमचा चेहरा आला न्हाई.

तुमचं समदं येतं. धोतराचा सोगा येतो, हळदीनं पिवळी झालेली बोटं येतात, भाकर थंड झाली म्हनून केलेला तमाशा येतो. मानेच्या वर काही न्हाई. पाटीवरचं पुसावं तसं. ग्यानबाचा चेहरा येतो मेला, तुमचा येत न्हाई. डॉक्टर नाव विचारतात, चेहरा कोन विचारत न्हाई, म्हनून मी बी सांगितलं न्हाई. सांगितलं तर पुन्हा ठेवून घेतील.

शिलाकडं तुमचा फोटू मागितला. तिच्या लग्नातला एकच हाय. त्यात तुमी पाठमोरे, पंगतीत बुंदी वाढून राहिले.

घरी यायची लई हौस हाय, अन् त्याचंच भेव हाय. येष्टीतून उतरले, चार बाप्ये उभे असले, अन् मी भलत्याच्या मागं चालू लागले तर? तुमी काय म्हनाल? गाव काय म्हनंल?

रागावू नका. औषध घेते. म्हशीला माझ्या हातची सरकी आठवत असंल, तिला चारा.

पायाची आठवण ठेवून,
शिलाची माय

॥ श्री ॥

कुरुंदा
३ मार्च २००१

शिलाच्या मायला,

आधी मिनाबाईला राम राम. बाई, हे पत्र हिला एकटीला वाचून दाखव, सावकाश वाच, माझं अक्षर खराब हाय.

तुझं पत्र आलं तवा कढई उकळत होती. वाचलं, घडी केली, ग्यानबाला म्हनलो, आता तुझी तू शिजव. गाळ झाली तर होऊ दे, बेणं ठिवलं हाय.

फोटू काढायला वसमतला गेलतो. खुर्चीवर बसलो. तो म्हनला, हसा. मी म्हनलो, काहून? मग उठून आलो. कागदावरच्या मानसाला वळखून तुला काय करायचं?

सोमवारी निघतो. वसमतहून येष्टीनं परभणी, तिथून पुण्याची गाडी. मंगळवारी तुझ्यापाशी येतो. येष्टीतून उतरून कुनाच्या मागं जायचं, हे भेवच नको. मी तुला घ्यायला येऊन राहिलो, बाजूलाच बसून आनीन. शिलाला काही सांगत न्हाई. डॉक्टरला मातर सांगू. ठेवून घेतलं तर घेतलं, मी बी राहीन बाकड्यावर.

एवढं नीट ऐक. मी दारात आलो अन् तू वळखलं न्हाई, तर वळखलं म्हनून सोंग करू नको. मला राग येनार न्हाई. येतो तसा येनार न्हाई. मी सांगीन कोन हाव ते. रोज सांगावं लागलं तर रोज सांगीन. बोललो कमी चाळीस सालात, ते बी भरून निघंल.

अन् काय गं, आपलं लगीन लागलं तवा तू मला कुठं पाहिलं होतंस? अंतरपाट पडला तरी तुझी मान खालीच. माझं तोंड तू तिसऱ्या दिशी पाहिलंस, कंकण सोडताना, तूच सांगितलं होतंस. तीन दिस बिनचेहऱ्याच्या मानसाबरूबर राहिलीस, बैलगाडीत बसून त्याच्या घरी आलीस, चूल बी पेटवलीस. तवा वळख नसताना तू आलतीस. आता मी येतो.

जुना लोभ न्हाई आठवला तर नवा धर.
व्यंकटराव